खूण दिसत नाही, पण पापण्या उघडेनात

भातकापणी जवळ आली की सापांविषयीची पत्रं वाढतात. या वेळी त्यातलीच घेतली आहेत.

शेजारच्या मुलाच्या पोटात पहाटे दुखायला लागलं, उलटी झाली. अपचन समजून ओवा दिला. उजाडल्यावर त्याच्या पापण्या उघडेनात. डॉक्टर म्हणाले, मण्यार चावली. पण अंगावर खूणच नव्हती! असं होतं?

होतं, आणि त्यातच मण्यारीचा खरा धोका आहे. ती रात्री फिरते आणि बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही. सूज नाही, आग नाही. विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, बोलणं नाकातून येतं, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. म्हणून खाली झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अकारण दुखलं आणि पापण्या झुकल्या, तर ओवा नको, गाडी काढा.

नातेवाइकांसाठी एक गोष्ट. असा रुग्ण हलत नाही, डोळे उघडत नाही, पण पुष्कळदा त्याला सगळं ऐकू येत असतं. उशाशी रडारड करू नका. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर काही दिवसांनी तो उठून बसतो.

आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. मण्यारीवर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

वडिलांना बांधावर साप चावला. आम्ही तो मारून नेला. डॉक्टरांनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही, रक्त काढून नळीत ठेवलं आणि वीस मिनिटं थांबायला लावलं. वेळ गेला नाही का?

नाही, तीच तपासणी होती. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. गोठलेलं रक्त जागेवर राहतं. घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलं असेल तर ते पाण्यासारखं वाहतं. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली की निकाल फसवा येतो, म्हणून शिकाऊ डॉक्टरांना मी आधी नळी दाखवायला सांगतो. सर्पविषावरची लस दिल्यावर सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा होते, कारण रक्त गोठवणारे घटक नव्याने तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

साप मारायच्या भानगडीत दुसरा माणूस चावून घेतो. जमलं तर लांबून फोटो काढा, नाही तर सोडून द्या.

संगणकाने तयार केलेलं सर्पविषावरचं औषध आल्याचं वाचलं. आमच्या तालुक्यात कधी मिळेल?

इतक्यात नाही. रसायनशास्त्राचं २०२४ चं नोबेल मिळालेल्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने नाग, मण्यार यांच्या कुळातल्या सापांच्या विषातल्या एका गटाला अडवणारी प्रथिनं संगणकावर रचली. जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. प्रयोग उंदरांवरचे आहेत, आणि घोणस-फुरशाच्या विषाची घडण मुळातच वेगळी. तोंडाने घ्यायच्या व्हॅरेस्प्लॅडिब या औषधाच्या चाचण्या भारत आणि अमेरिकेत रुग्णांवर झाल्या, पण मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही. मला या कामाचं कौतुक आहे. तोवर आपली भिस्त घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या लसीवरच, आणि ती पद्धत १८९० च्या दशकातली.

लसीसाठीचं विष तमिळनाडूतल्या सापांचं असतं म्हणे. मग इथल्या सापांवर ती चालते?

बहुतांश विष तिथल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं, हे खरं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं, हेही खरं. त्यामुळे काही ठिकाणी जास्त कुप्या लागतात. तरी नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आज तीच लस आहे. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यावर ती उपयोगी नाही, तेव्हा चापडा चावलेल्याने लसीसाठी हट्ट धरू नये. सुजेवर आणि दुखण्यावर उपचार मात्र घ्यावेत.

दोरी आवळून बांधावी का?

नको. चिरणं, चोखणं, बर्फ लावणं, हेही नको. अंगठी, कडं, जोडवी काढा. चावलेला हात किंवा पाय, मोडल्यावर धरतो तसा, फळीला बांधून स्थिर ठेवा. रुग्णाला चालू देऊ नका, मोटारसायकलवर नेणार असाल तर दोघांच्या मध्ये बसवा. आणि निघण्याआधी रुग्णालयात फोन करून लस शिल्लक आहे का ते विचारा.