मागणं झाकू नकोस

प्रिय मुली,

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. खाली लिहिलेला प्रश्नही वाचला: 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट', म्हणजे 'रात्र काढायला मला मदत कर', हे प्रेमगीत आहे की नुसती गरज? घरच्यांना ते 'तसलं' वाटतं, म्हणून केसांतली रिबीन सोडण्याची ओळ तू पुटपुटून उरकलीस. सुरांबद्दल माझी तक्रार नाही. पण मागणं झाकलंस आणि गाणं तिथेच पडलं.

लिहिणारा कोण होता ते बघ. क्रिस क्रिस्टॉफरसन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकला, अमेरिकी लष्करात हेलिकॉप्टर चालवत कॅप्टन झाला. 1965 मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची नेमणूक सोडून तो नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या गावी, आला. घरच्यांनी संबंध तोडले. त्याने स्टुडिओत झाडू मारला, लुइझियानात समुद्रातल्या तेलविहिरींसाठी हेलिकॉप्टर चालवलं. गायक फ्रँक सिनात्राच्या मुलाखतीतल्या एका उत्तरातून गाण्याच्या नावाची ओळ सुचली, असं तो सांगायचा. तुमचा विश्वास कशावर, या प्रश्नाला सिनात्राचं उत्तर होतं: रात्र काढायला जे मदत करील त्यावर, मग ती दारू असो, बाई असो की बायबल.

रात्र काढणं. गाण्याचा सगळा जीव तिथे आहे. गाणारा वचन देत नाही, घेतही नाही. बरोबर-चूक ठरवायचं त्राण त्याच्यात उरलेलं नाही. काल संपला, उद्या दिसत नाही, पहाटेपर्यंत शेजारी थांब, इतकंच. प्रेम कुठे आहे म्हणतेस? अगं, 'मला एकट्याला झेपत नाही' हे दुसऱ्या जिवाला तोंडावर सांगायला काय लागतं, विचार कर जरा!

आपला कान ज्ञानदेवांच्या विरहिण्यांवर वाढलेला. तिथली ती कावळ्याला शकुन विचारते, वाट पाहते. इथे वाट पाहणं संपलंय, माणूस समोर आहे आणि त्याच्याकडे मागायचं आहे. म्हणून म्हणते, मागणं झाकू नकोस.

आणि बाईने मागितलं की काय होतं, ते गायिका सॅमी स्मिथकडून ऐक. तिचं हे गाणं 1971 मध्ये अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिलं आलं. त्याआधी डॉटी वेस्ट या गायिकेने ते फार धीट वाटलं म्हणून नाकारलं होतं. सॅमीचा घोगरा आवाज कुठेही लाडात येत नाही, लाजतही नाही. ती सरळ मागते.

मलाही एका कार्यक्रमात सांगितलं होतं, ते कडवं गाळा, कुटुंबं येतात. मी अख्खं गाणं गाळलं, कडवं नाही. पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या मंडळींतली दोन-तीन माणसं माझी जवळची होती, ती दुरावली, त्याची हळहळ आजही आहे. तरी आज कुणी तेच सांगितलं तर मी तेच करीन. हट्टी म्हणतात मला. म्हणोत. अर्धं मागणं गाऊन घरी जाणं मला जमलं नसतं, आणि तुलाही जमू नये असं वाटतं.

आता काम. शेवटी आवाज चढवतेस, तो चढवू नकोस. तिथे जिंकायचं काही नाही. गिटार कमी वाजव. रिबिनीची ओळ पूर्ण, स्पष्ट, नेहमीच्या बोलण्याच्या लयीत म्हण. घरच्यांसमोर एकदा गा, मग मला पाठव. रविवारपर्यंत.

तुझी,
बाई