उसाच्या फडातली पिल्लं आणि आपण

प्रश्न : आमच्या फडात तोडणी चालू असताना टोळीतल्या बाईंना पाचटात, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यात, तीन पिल्लं दिसली. ठिपके बघून सगळे म्हणाले, बिबट्याचीच. माझा मुलगा ती खोक्यात घालून घरी घेऊन आला आणि त्यांना गाईचं दूध पाजलं. रात्रभर ती ओरडत होती. सकाळी वनखात्याचे लोक येऊन घेऊन गेले. पुन्हा असं झालं तर आम्ही नेमकं काय करायचं?
– एक वाचक भगिनी, कागल तालुका

उत्तर : ताई, पिल्लांना कुणी मारलं नाही आणि वनखात्याला कळवलं, हे फार मोलाचं केलंत. आता पुढच्या वेळेचं सांगतो.

पहिली गोष्ट, पिल्लं फडातून हलवायची नाहीत. आई जवळच असते. कोयत्यांचा आवाज आणि माणसांचा गलका ऐकून ती लांब सरकलेली असते, पिल्लांना टाकून गेलेली नसते. अंधार पडला, शिवार शांत झालं की ती येते आणि एकेकाला मानेला धरून दुसरीकडे नेते. म्हणून तेवढ्या भागातली तोडणी थांबवायची, माणसं मागे घ्यायची आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. आपल्या शेतातनं पिल्लं आईकडे पोचवायचं काम वनखात्याची माणसं आणि त्यांच्याबरोबरचे प्राणीमित्र अनेकदा करतात. पिल्लं सापडली त्याच जागी उघड्या टोपलीत ठेवतात आणि लांबून लक्ष ठेवतात. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू घेत नाही, ही समजूत खरी नाही. हात लागला असला तरी पिल्लं संध्याकाळच्या आत जागेवर परत गेली पाहिजेत. गाईचं दूध मात्र अजिबात नको. त्यानं त्यांना हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाला तेवढंही पुरतं.

दुसरं, ठिपके दिसले म्हणजे बिबट्याच, असं नाही. आपल्या उसात रानमांजर असतं आणि वाघाटीसुद्धा असते. वाघाटी ही जगातल्या सगळ्यात लहान जंगली मांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली मादी दीड किलोच्याही आत भरते. अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावर पट्टे. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ती कुठंही नाही. ताई, हे लिहिताना मला फार आनंद होतोय, कारण इतका दुर्मीळ जीव आपल्या कागल-करवीरच्या उसात बाळंत होऊ शकतो आणि बहुतेकांना त्याचं नावही माहीत नसतं. ती तुमचं काही बिघडवत नाही. उंदीर, पाली, किडे आणि लहानसहान पाखरं हेच तिचं पोट. उसाचं नुकसान करणारा उंदीर ती रात्रभर मारत असते. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला, ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. एवढा काळ दाट सावली, पाणी आणि उंदीर एका जागी मिळाल्यावर तिनं दुसरीकडे का जावं?

पिल्लू बिबट्याचं की वाघाटीचं, हे फडात उभं राहून ठरवत बसू नका. दोन्ही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, दोन्ही घरी ठेवणं गुन्हा आहे. आणि आई बिबट्या असेल तर जवळ थांबणं तुमच्याच जिवावर बेतेल. मुलाला रागावू नका. मायेनंच आणली होती त्यानं. पुढच्या वेळी फोन करायचं काम त्यालाच द्या.

प्रश्न : मुकादम म्हणतो, पाला पेटवल्याशिवाय टोळी कोयता घालणार नाही. नंतर उरलेलं पाचटही जाळायचीच पद्धत आहे. आगीत जळालेली धामण बघितल्यापासून मन लागत नाही. पण पर्याय काय?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : टोळीची अडचण खरी आहे. पाल्यानं हात कापतात, पाचटात घोणस असेल ही भीती असते, आणि मजुरी टनावर मिळते. तोडणीच्या आधी त्यांना बूट आणि हातमोजे द्या, हा खर्च आपणच करायचा. जळीत उसाला कारखान्यात कपात बसते, हेही मुकादमाशी बोलताना हिशोबात धरा.

तोडणी एका बाजूनं सुरू करा, रस्त्याकडून ओढ्याकडे. चारी बाजूंनी तोडत मधे तुकडा राखलात तर सगळे जीव तिथंच कोंडतात.

तोडणी झाल्यावर पाचट जाळू नका, सरीत दाबा. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. बुडखे जमिनीलगत छाटून घ्या. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं संवर्धन टाकून पाणी द्या. ओल टिकते, तण कमी येतं, खोडव्याला, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, खत मिळतं. बांधावरची करंज, शेवरी, घाणेरीची झुडपं जाळून बांध साफ करायची सवयही सोडा. धामण, मुंगूस, भारद्वाज यांना आगीच्या वेळी पळून जायला बांधच असतो.

प्रश्न : शिवारात गवा आला. पोरं मोटारसायकली घेऊन मागे लागली, मोबाइलवर शूटिंग केलं. हे बरोबर आहे का?
– पन्हाळा तालुक्यातून एक शिक्षक

उत्तर : नाही, आणि गुरुजी, हे मुलांना तुम्हीच सांगा. राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठीच राखलं गेलं. तिथला कळप ओढ्याओढ्यानं खाली येतो. एकटा चुकलेला नर हजार किलोपर्यंतचा असतो. तो गर्दीनं बिथरतो, धावून धावून दमतो आणि मग समोर येईल त्याला उडवतो. गाड्या बंद, दिवे बंद, कुत्री बांधलेली, रानाकडची वाट मोकळी. अंधारात तो आपणहून निघून जातो. पिकाचं नुकसान झालं तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते.