आवाज कुणाचा, आणि कितीला?

प्रश्न : नमस्कार सर. आमचा डेस्कटॉप हॉलमध्ये आहे. एक ब्लूटूथ हेडफोन आहे घरात, पण सगळ्यांनी मिळून ऐकायचं म्हटलं की मॉनिटरच्या आतल्या स्पीकरची किरकिर ऐकावी लागते. मी जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंग ऐकतो, मुलगी तबला शिकते आणि लेहरा (ठेक्याबरोबर फिरत राहणारी धून) लावून रियाज रेकॉर्ड करून गुरुजींना पाठवते, मुलाला गेम खेळायचाय. बजेट सहा हजार. स्पीकर घेऊ की चांगला हेडफोन घेऊ? ओळखीचा दुकानदार आठ हजार वॅटचं होम थिएटर साडेचारला देतो म्हणतोय. — एक वाचक, मिरज

उत्तर : आधी ते आठ हजार वॅट निकालात काढू. घरातला गीझर साधारण दोन हजार वॅटचा असतो, म्हणजे दुकानदाराच्या हिशोबाने तो डबा चार गीझरांएवढी वीज खाणार, तेही साध्या प्लगवर! खोक्यावर बारीक अक्षरात पीएमपीओ लिहिलेलं असेल बघा, तो आकडा ज्याला जसा वाटेल तसा फुगवलेला असतो, आपण बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा. आणि तोही छापलेला नसेल तर अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाचायचा. मी एकदा पुण्यात तपकीर गल्लीत असंच एक झगमगाटी लाइटवालं खोकं उघडायला लावलं, अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेलं नऊ व्होल्ट, एक अँपिअर. नऊ गुणिले एक, नऊ वॅट. जेवढे वॅट आत जातात त्याच्यापेक्षा जास्त सतत बाहेर कसे येणार? दुकानदार म्हणाला साहेब, कस्टमरला आकडा लागतो. प्रामाणिक होता बिचारा.

आता तुमचा खरा प्रश्न. सहा हजारात एकच भारी वस्तू घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या असं माझं मत, कारण तुमच्या घरात गरजाच दोन आहेत. हॉलसाठी स्पीकर आणि मुलीसाठी वायरवाला हेडफोन. हो, वायरवालाच, ब्लूटूथ घरात असला तरी.

का ते सांगतो. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळला जातो, हवेतून जातो, पलीकडे पुन्हा उलगडला जातो, आणि साध्या हेडफोनमध्ये या भानगडीत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. नुसतं ऐकायला काही फरक पडत नाही. पण मुलगी कानात लेहरा ऐकून तबला वाजवते आणि कॉम्प्युटर तो रेकॉर्ड करतो, तेव्हा लेहरा तिच्या कानापर्यंत उशिरा पोचलेला असतो, ती मात्र कानाबरहुकूम बरोब्बर वाजवते, आणि रेकॉर्डिंगमध्ये तबला मागे पडतो. द्रुत तीनताल मिनिटाला 240 मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे सम जवळजवळ मात्राभर हुकलेली दिसणार, आणि गुरुजी ओरडणार पोरीला! दीडेक हजारात वायरवाला बऱ्यापैकी इअरफोन किंवा हेडफोन मिळतो आणि त्यात तबल्याची चाट, किनार जेवढी स्वच्छ ऐकू येते तेवढी स्पीकरमध्ये यायला कितीतरी जास्त पैसे टाकावे लागतात. कमी पैशात बारकावे हवे असतील तर हेडफोनला तोड नाही. मुलाच्या गेमलाही तोच चालेल, खोक्यावरच्या सेव्हन पॉइंट वनला, म्हणजे सात स्पीकर आणि एका वूफरच्या दाव्याला, भुलू नका, कानाला स्पीकर दोनच असतात.

स्पीकरकडे येऊ. मिरज म्हणजे तंबोरे बनवणाऱ्यांचं गाव, तिथल्या माणसाला तंबोऱ्याबद्दल मी काय सांगणार, पण कॉम्प्युटरच्या स्पीकरची परीक्षा घ्यायला तंबोऱ्यासारखी वस्तू नाही. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर लागते. दोन इंची स्पीकर शंभर हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच. तरी खर्ज ऐकू येतो! कारण त्या तारेचे वरचे स्वर, जवारीतून फुलणारे, स्पीकर नीट देतो आणि त्यावरून खालचा षड्ज मेंदू आपला आपण भरून काढतो. म्हणून छोट्या स्पीकरवरसुद्धा तंबोरा गोड लागतो. डग्ग्याची घुमक मात्र खरोखर उणी पडते, ती मेंदूला तेवढी भरता येत नाही.

तर पर्याय असे. टेबलाजवळ बसूनच ऐकणार असाल तर क्रिएटिव्ह पेबलसारखे छोटे टू पॉइंट झिरो, म्हणजे वूफरशिवाय नुसते दोन स्पीकर, 4.4 वॅटच आहेत पण प्रामाणिक 4.4, आणि तोंड 45 अंशात वर केलेलं असल्यामुळे आवाज टेबलावर न आपटता थेट कानाकडे येतो. हॉलभर ऐकायचं, डग्गा पण पाहिजे, तर टू पॉइंट वन, म्हणजे दोन छोटे आणि खाली एक वूफर. लॉजिटेकचा झेड 313 आहे, 25 वॅट आरएमएस, आणि त्याच्या आवाजाच्या बटणाच्या डबीलाच हेडफोनचं भोक आहे, रोज मागे वाकून वायरी काढायची कटकट नाही. एडिफायरचे लाकडी खोक्याचे आर 1280 टी मैफिलीला यांच्यापेक्षा केव्हाही सरस, पण बजेट मोडेल. तुमच्यासाठी मी टू पॉइंट वन म्हणेन, कारण तुम्ही हॉल म्हणालात. वूफर कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि बुवांच्या आलापीत कुणीतरी पिंप बडवतंय असं वाटतं. फ्लॅट असेल तर खालच्या मजल्यावरच्या काकांनाही तीच मैफल ऐकावी लागते, न विचारता.

घ्यायला जाताना तुमची रोजची चीज फोनमध्ये घेऊन जा. दुकानदार त्याचंच ढिंचॅक गाणं लावतो आणि बेस फुल्ल करून ठेवतो, त्याला सांगायचं बेस मध्यावर आण आणि माझं लाव. शब्द कळतायत का आणि आवाज कमी केल्यावरही तंबोरा मागे ऐकू येतोय का, एवढंच बघा.

प्रश्न : लॅपटॉपला स्पीकर जोडलेत. चार्जर लावला की घूंऽऽ असा आवाज सुरू, काढला की बंद. स्पीकर बदलून आणला तरी तेच. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : स्पीकर बिचारा निर्दोष आहे. चार्जर लागलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून हळूच बोट फिरवा. चार्जर थ्री पिनचा असून झिणझिण लागली तर सॉकेटमध्ये अर्थिंग पोचलेलंच नाही असं समजा, किंवा तुम्ही थ्री पिनला टू पिनची टोपी घातलीय, ती आधी काढा आणि वायरमनला बोलवा. झिणझिण नसेल तर बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे लॅपटॉपचं आणि स्पीकरचं अर्थिंग दोन वाटांनी जाऊन गोल फिरतंय. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा. स्पीकर यूएसबीवर चालत असतील तर पॉवर लॅपटॉपमधून न घेता मोबाइलच्या चार्जरवरून द्या, बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं. नाहीच गेलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, आत चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, ती ऑडिओच्या वायरीत मध्ये बसवायची. अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणीतरी देईलच, आवाज जाईलही, पण अर्थिंग आवाजासाठी नसतं हो, जिवासाठी असतं.

प्रश्न : सेकंडहँड 250 ओहमचा स्टुडिओ हेडफोन स्वस्तात मिळाला, पण मोबाइलला लावला की आवाज अगदी बारीक. फसलो का? — होस्टेलवासी, पुणे

उत्तर : फसला नाहीस रे, तो हेडफोन मोबाइलसाठी नाहीच. मोबाइलच्या जॅकमधून व्होल्टेज थोडं मिळतं, 32 ओहमवाल्यांचं (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) त्यात भागतं, 250 ला जास्त लागतं. छोटा हेडफोन अँप, म्हणजे अँप्लिफायर, घे किंवा तो विकून 32 चा घे, स्वस्तात घेतलायस म्हणजे विकतानाही तोटा नाही. आणि अँप घेतलास तर बटण सांभाळून फिरव, जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास असा आहे, आणि पुढे दर तीन डेसिबलला तास निम्मे. होस्टेलच्या गोंगाटात तू 89 वर ऐकत बसलास तर आठवड्याचे पाचच तास उरतात, तेवढे तुझे सोमवारीच संपतील.