वाचकांचे प्रश्न : गाडी घरी, प्रवास रेल्वे आणि बोटीने

प्रश्न : आजवर आम्ही मोटार फेरीबोटीत चढवून पलीकडे जात होतो. यंदा मोटार न घेता रेल्वे आणि बोटीने जायचं आहे. बरोबर दोन लहान मुलं आहेत. दोन्हींच्या मध्ये किती वेळ ठेवावा?

उत्तर : बोट सुटण्याची वेळ विसरा, चेक-इन कधी बंद होतं ते बघा. बिनवाहनाच्या प्रवाशांसाठी ते साधारण अर्धा ते एक तास आधी बंद होतं. तिथून उलटा हिशेब करा : स्टेशन ते धक्का, पासपोर्ट तपासणी, तिकीट खिडकी. त्यावर आमचा एक ठोकताळा : ठरवलेली रेल्वे चुकली आणि पुढची घ्यावी लागली, तरी बोट मिळायला हवी. पुढची रेल्वे चार तासांनी असेल, तर सरळ आदल्या रात्री बंदराच्या गावी मुक्काम करा.

गावाचं नाव एक म्हणून स्टेशन आणि धक्का शेजारी असतात असं नाही. वेल्समधल्या होलीहेडला दोन्ही एकाच इमारतीत आहेत. नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंडला २०१९पासून रॉटरडॅमची मेट्रो थेट बंदरापर्यंत येते. इंग्लंडमधल्या डोव्हरला मात्र स्टेशनपासून फेरीचा धक्का दोन किलोमीटरहून लांब. सामान आणि मुलं घेऊन टॅक्सीच बरी. त्याहून मोठी गफलत म्हणजे काही मार्गांवर पायी प्रवासी घेतच नाहीत, उदाहरणार्थ डोव्हर ते फ्रान्समधलं डंकर्क. मोटारीने जाणाऱ्यांच्या हे कधी लक्षातही येत नाही, म्हणून आरक्षणाआधी तपासाच. (इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीत अजूनही रेल्वेचे डबेच बोटीत चढवतात. तिथे ही सगळी यातायातच नाही!)

शक्य असेल तिथे रेल्वे-बोट असं एकत्र तिकीट घ्या. ब्रिटनमधून आयर्लंडला जाताना ते मिळतं. तिकिटं वेगवेगळी असली, तर रेल्वेच्या उशिराशी बोटवाल्यांना देणंघेणं नसतं. खुद्द बोटच रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असला, तर युरोपीय संघाच्या नियमाने पैसे परत किंवा पर्यायी प्रवास मागता येतो. वादळामुळे रद्द झाली तरी हा हक्क राहतो, फक्त वरची भरपाई मिळत नाही. वाऱ्याचे दिवस असतील तर वेगवान कॅटामरानऐवजी (दोन सांगाड्यांच्या बोटीऐवजी) मोठी, संथ बोट निवडा. लाटा वाढल्या की कॅटामरान आधी रद्द होतात.

सामान प्रत्येकाला स्वतः उचलता येईल एवढंच घ्या. डिकीची सवय इथे नडते.

प्रश्न : बोट लागते. काय करावं?

उत्तर : बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर जागा घ्या, हेलकावे तिथे सर्वांत कमी. नजर क्षितिजावर ठेवा, पुस्तक आणि मोबाइल बंद. गोळी घेणार असाल तर निघण्याआधी तासभर. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. मुलांसाठी मात्र गोळी आणि मात्रा डॉक्टरांनाच विचारा.