नेपाळची खुकुरी घेतली, पैसे वसूल झाले का?

प्रश्न: नमस्कार, आम्ही दिवाळीनंतर पशुपतिनाथला जाऊन आलो, तिथे काठमांडूच्या ठमेल बाजारात मिस्टरांनी एक खुकुरी घेतली, नेपाळी ९,००० रुपये. दुकानदार म्हणाला मर्सिडीज ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून हाताने केलीये. घरी आल्यावर नीट बघितलं तर पात्यावर ठोक्यांच्या खुणा आहेत आणि जाडीही सगळीकडे सारखी नाही. सासरे देवळालीला तोफखान्यातून रिटायर झाले, त्यांच्याकडची जुनी खुकुरी, लाकडी मुठीला रिपिटं मारलेली, ती कशी सुबक दिसते. ते म्हणतात फसवलं तुम्हाला. खरंच का? आणि जुनीला काही किंमत येईल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, आधी हिशोब. नेपाळी १६० म्हणजे आपले १००, म्हणजे तुमचे गेले साडेपाच हजारांच्या थोडे वर. खरी घडवलेली असेल तर हा भाव जास्त नाही, शोपीस असेल तर मात्र डोक्याला हात लावा.

तुम्ही जी तक्रार करताय ना, जाडी सारखी नाही, ती माझ्या मते चांगली बातमी आहे. खुकुरी हातात धरून वरून पाठीकडे, म्हणजे धार नसलेल्या बाजूकडे बघा, मुठीजवळ आणि वाकाशी जाड, ८-१० मिलिमीटरपर्यंत, आणि टोकाकडे निमुळती होत गेली पाहिजे. टोकापर्यंत एकसारखी सपाट असेल तर समजा पत्र्यातून कापून काढलीये. नेपाळात हे काम पिढ्यानपिढ्या विश्वकर्मा म्हणजे कामी लोक करतात, भोजपूर, धरान ही त्यातली नावाजलेली गावं, एक जण तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो आणि बाकीचे घण मारतात, मग थोडे ठोके राहणारच की. ठोके चालतात, धारेवर केसासारखी चीर चालत नाही, ती भिंग लावून बघा.

मर्सिडीजचं फार मनावर घेऊ नका. ट्रकचा पाटा म्हणजे स्प्रिंग स्टील, कार्बन साधारण ०.६ टक्के, टाटाचा असो नाहीतर लेलँडचा, आपल्याकडचे लोहारसुद्धा त्याचेच कोयते करतात. खरी मेख पाणी कसं दिलंय त्यात आहे. चांगला कारागीर पातं लाल करून किटलीतून फक्त धारेवर पाणी सोडतो, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ राहते, म्हणून जोरात घाव घातला तरी पातं तुटत नाही. हे घरी तपासता येतं, बारीक कानस घ्या, पात्याचं पोट जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे धारेवर हलकेच फिरवा, घसरली पाहिजे, आणि तीच पाठीवर फिरवली तर चावली पाहिजे. दोन्हीकडे चावली तर पाणीच दिलेलं नाही, भिंतीवर टांगा. टोकाला आणि मुठीजवळ कानस थोडी चावली तर घाबरू नका, तिथे बऱ्याचदा कडकपणा कमीच ठेवतात.

मग मूठ. ती धरून पात्याच्या पाठीवर तळहाताने थाप मारा, खुळखुळ आली तर गडबड आहे. शिंगाच्या मुठीत पात्याचा मागचा निमुळता भाग लाख भरून बसवतात आणि चांगल्या कामात तो मुठीच्या बुडातून बाहेर काढून ठोकून बसवलेला दिसतो. लाख उन्हाने मऊ पडते, तेव्हा मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका प्लीज.

सोबतच्या दोन छोट्या सुऱ्यांपैकी एकीला धार नसेल तर दुकानदाराला शिव्या देऊ नका, तिला चकमक म्हणतात, धार सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला असते ती, कापायला दुसरी, कर्दा. आणि म्यानातून काढताना बोटं कधीही म्यानाच्या धारेकडच्या बाजूला वळवायची नाहीत, म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फळ्या आणि वर चामडं, पातं शिवणीतून बाहेर येऊ शकतं.

सासऱ्यांची जुनी खुकुरी रिपिटवाली आहे म्हणजे लष्करी घडणीची असू शकते, ब्रिटिशांच्या काळातले मार्क टू, मार्क थ्री हे लष्करी नमुने तसेच असायचे. पात्यावर मुठीजवळ ४३, ४४ असे आकडे किंवा शिक्का आहे का बघा, असेल तर दुसऱ्या महायुद्धातली असण्याची शक्यता आहे. तिला किंमत येईल, पण पॉलिशपेपर घेऊन चकाचक केलीत तर निम्मी तिथेच गेली. काळपट डाग राहू द्या, मशीनचं तेल लावून पुसा, बास. आणि पावसाळ्यात म्यानात ठेवायची नाही, चामडं ओल धरतं.

प्रश्न: मित्राला रिटायरमेंटला चांदीच्या म्यानाची खुकुरी द्यायची आहे. भाव बरोबर आहे की नाही कसं ओळखू?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: तिला कोथिमोरा म्हणतात, निवृत्त अधिकाऱ्यांना भेट द्यायची चाल आहेच. इथे चांदी आणि पातं यांचा हिशोब वेगवेगळा करा. सराफ बाजारात नेऊन चांदी तपासून घ्या, पितळेवर मुलामा असेल तर पाच मिनिटांत कळतं. चांदी खरी निघाली तरी पातं वर सांगितलं तसं बघाच, कारण नक्षीखाली साधंसुधं पातं खपवायची सवय असते. सिंहाचं तोंड असलेली मूठ मला तरी आवडत नाही, तो टुरिस्ट माल.

अजून एक, शस्त्रांच्या नियमांत खुकुरीचं नाव घेऊन उल्लेख आहे, पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ती शस्त्रात मोडते, घरगुती आणि शेतीच्या हत्यारांना सूट. शहरात अधूनमधून पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेशही निघतात, तेव्हा मिरवत नेण्याआधी जवळच्या पोलीस स्टेशनला विचारा, आणि विमानाने पाठवायची असेल तर चेक-इन बॅगेतच.