संस्था सोडावीशी वाटते, पण मन खातं

"मी सेवाभावी संस्थेत जायचं बंद केलं तर मी स्वार्थी ठरेन का?" हा प्रश्न माझ्याकडे निवृत्त मंडळी घेऊन येतात, तशीच शनिवार-रविवार वस्त्यांमध्ये जाणारी आयटीतली पोरंही. नोकरीचा राजीनामा देताना एवढी घालमेल होत नाही. बिनपगारी काम आपण आपणहून पत्करलेलं असतं, म्हणून ते सोडताना स्वतःच्याच चांगुलपणाबद्दल शंका यायला लागते. अशाच एका ताईंची ही गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

ताई बँकेत कॅशियर होत्या. निवृत्तीनंतर एका संस्थेच्या अभ्यासिकेत दर शनिवारी पाचवीच्या मुलांना गणित शिकवायला जाऊ लागल्या. सुरुवातीला त्या शनिवारची वाट बघायच्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मात्र संस्थेतून फोन आला की त्यांच्या पोटात गोळा यायचा. पाठदुखीचं कारण सांगून त्या जायचं टाळत होत्या. घरचे म्हणत, "पगार थोडाच मिळतोय? दे सोडून." त्याने त्यांना अधिकच अपराधी वाटायचं. "मला त्या पोरांचा कंटाळा आला का हो?" असं विचारताना त्यांचे डोळे भरून आले.

मी त्याचं उत्तर दिलं नाही. समाधानाने घरी परतलात असा अलीकडचा शनिवार कोणता, एवढंच विचारलं. ताई बराच वेळ आठवत राहिल्या. मग एका मुलाबद्दल बोलू लागल्या. ४०२ वजा १७८ हे गणित त्याला काही केल्या जमत नव्हतं. मधल्या शून्याकडून हातचा घ्यायचा कसा, तिथे गाडी अडायची. ताईंनी कागद कापून शंभराच्या, दहाच्या आणि एकच्या नोटा बनवल्या आणि त्याला कॅशियरच्या जागी बसवलं. सुट्टे संपले, दहाची नोटच नाही, मग काय करशील? त्याने शंभराची नोट मोडली, दहाच्या दहा घेतल्या, त्यातली एक पुन्हा मोडली, आणि २२४ उरले म्हणून ओरडला. हे सांगताना ताई खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या, हातांनी नोटा मोजून दाखवत होत्या.

"हे कधीचं?" मी विचारलं. "दिवाळीच्या आधीचं."

दिवाळीनंतर संस्थेने त्यांच्याकडे हिशोबाचं काम सोपवलं. बँकेतल्या बाई म्हणजे विश्वासाचं माणूस, असा त्यामागचा साधा विचार. देणगीदारांच्या ८०जीच्या, म्हणजे करसवलतीसाठी लागणाऱ्या पावत्या, त्यांचे पॅन नंबर गोळा करणं, देणग्यांची माहिती आयकर खात्याला देण्यासाठी ३१ मेच्या आत भरायच्या १०बीडी फॉर्मची तयारी. काम महत्त्वाचंच होतं, पण ते घरी, लॅपटॉपसमोर, एकटीने करायचं. काउंटरपलीकडच्या माणसांशी आयुष्यभर बोललेल्या बाईला निवृत्तीनंतरचं शांत घर सोसत नव्हतं, म्हणून तर त्या वस्तीत गेल्या होत्या. मुलंही सुटली आणि चहाच्या वेळी गप्पा मारणारे बाकीचे कार्यकर्तेही. ताईंना मुलांचा कंटाळा आलाच नव्हता. मुलं त्यांना भेटतच नव्हती!

माणसं सेवाकार्यात का येतात यावर अमेरिकेतल्या क्लेरी, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सहा कारणं मांडली: आपली मूल्यं, नवं शिकणं, माणसांशी नातं, कामधंद्याला उपयोग, मनावरचं ओझं हलकं होणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. ज्या कारणासाठी माणूस येतो ते कामातून मिळत राहिलं, तर त्याला समाधान मिळतं आणि टिकून राहावंसं वाटतं. ओमोटो आणि स्नायडर यांच्या १९९५ च्या अभ्यासात तर एड्सग्रस्तांना मदत करणाऱ्यांपैकी ज्यांना त्या कामातून स्वतःसाठीही काही हवं होतं, ते जास्त काळ टिकलेले दिसले. "मलाही काही मिळावं असं वाटतं" याची लाज वाटणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

दुसरी अडचण असते ती कामाला कडा नसण्याची. राष्ट्रीय सेवा योजनेतला विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास पूर्ण करून बाहेर पडतो, त्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. केरळमध्ये मलप्पुरमला अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्या शेजाऱ्यांच्या गटांनी आठवड्याचे किमान दोन तास मागितले आणि आधी रीतसर प्रशिक्षण दिलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी "जमेल तसं या" म्हणतात. ऐकायला गोड वाटतं, पण मग किती केलं म्हणजे पुरे, हे कुणालाच कळत नाही, आणि जो नाही म्हणत नाही त्याच्यावर काम साचत जातं.

ताई आणि मी मिळून समन्वयकाशी काय बोलायचं ते लिहून काढलं: "दादा, ३१ मेपर्यंत पावत्यांचं काम मी पूर्ण करून देते. त्यानंतर मला फक्त शनिवारी मुलांबरोबर बसायचं आहे. तसं जमणार नसेल तर मी थांबते." समन्वयक गडबडला. "काकू, आम्हाला वाटलं तुम्हाला हे आवडतंय." खोटं बोलत नव्हता तो. त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. हिशोबाला दुसरं माणूस मिळेपर्यंत पावसाळा उजाडला, मध्ये ताईंना दोनदा आठवण करून द्यावी लागली, पण त्या पुन्हा अभ्यासिकेत बसू लागल्या.

प्रत्येक वेळी असं जुळत नाही, आणि जुळवत बसूही नये. जिथे अपमान होतो, पैशांचे व्यवहार संशयास्पद आहेत किंवा मुलांच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होतं, तिथून निघाच, आणि जे दिसलं ते विश्वस्तांना लेखी कळवा. मुलांना धोका असेल तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करा.

एरवी, बोलूनही मन लागत नसेल तर खुशाल थांबा. फक्त फोन उचलणं बंद करून गायब होऊ नका. किल्ल्या, वह्या, पासवर्ड सोपवा. आणि मुलांबरोबर काम करत असाल तर शेवटचा दिवस त्यांना आधी, स्वतः सांगा. वस्तीतल्या कितीतरी मुलांनी न सांगता निघून गेलेली मोठी माणसं पाहिलेली असतात, आणि ताई का येत नाहीत याचं कारण ती स्वतःमध्ये शोधतात.