बेनचं बोलणं, बॅटमॅनची कंबर आणि दोर सोडायची गोष्ट: वाचकांचे प्रश्न

क्रिस्टोफर नोलनच्या बॅटमॅन-त्रयीतला शेवटचा सिनेमा 'द डार्क नाइट राइझेस' (२०१२) यावर गेल्या अंकात लेख आला आणि पत्रांचा ढीग पडला. कोणी त्याला तिघांत सरस ठरवलं, कोणी सपशेल फसलेला. त्यातले काही प्रश्न घेतोय. (ब्रूस वेन म्हणजे बॅटमॅन, बेन म्हणजे त्याच्या गॉथम शहराला ओलीस धरणारा खलनायक.) शेवट इथे उघड केलाय. सिनेमा पाहिला नसेल तर पान उलटा.

बेन काय बोलते तेच समजत नाही. तोंडावर मास्क अन् नुसता गुरगुरते. आमच्या स्पीकरचा दोष का सिनेमाचा? — वाचक, दर्यापूर

दोघांचाही. डिसेंबर २०११ मध्ये सुरुवातीची काही मिनिटं आयमॅक्सच्या अवाढव्य पडद्यावर दाखवली तेव्हाच ही तक्रार झाली होती आणि नंतर बेनचा आवाज सुधारला गेला. उरलेला घोळ घरचा. ५.१ आवाजात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला असतात. गावात लॅपटॉप स्पीकरच्या दोन डब्यांना जोडला की मधला आवाज दबतो आणि संगीतकार हान्स झिमरचे ढोल उरावर बसतात. आधी टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम', लॅपटॉपवर 'स्टिरिओ' निवडा. बास बूस्ट बंद करा; लग्नातला डीजे झाल्यावर तो हमखास चालूच राहिलेला असतो. इक्वलायझरवर १५० हर्ट्झच्या खालचं ३-४ डेसिबल उतरवा, २ ते ४ हजार हर्ट्झमधलं ३ चढवा. जास्त चढवलं तर 'स' आणि 'श' कानात टोचतात. तरी जमलं नाही तर सबटायटल लावा, त्यात लाज कसली?

चित्राच्या वर-खाली काळी पट्टी येते अन् जाते. पडदा गेला काय? — वाचक, पांढरकवडा

नाही गेला. तासाभराहून जास्त भाग आयमॅक्स कॅमेऱ्यावर चित्रित झालाय. ब्लू-रेवर तो भाग आला की चित्र पूर्ण पडदा भरतं, बाकी वेळी पट्ट्या. 'झूम' करू नका, चित्राच्या कडा कापल्या जातील.

शेअर बाजारात बेन शिरते तवा ऊन हाय, पाठलाग सुरू झाला की लगेच रात्र. तो तं आठ मिनिटं म्हणते! अन् कैदेतून सुटलेला ब्रूस, खिशात दमडी नाही, वेढा पडलेल्या शहरात वापस येते कसा? — वाचक, आर्वी

दिवस-रात्रीची चूक आहेच, तिला सारवासारव नाही. परतीचा प्रवासही सिनेमा गिळून टाकतो. पण या दोन चुकांवर भांडणारे मोठी चूक सोडून देतात. आधीच्या सिनेमात (२००८) दोन बोटींवर माणसं बसली होती, दोघांच्या हाती एकमेकांना उडवायचं बटण होतं आणि निर्णय सामान्यांनी घेतला होता. इथे गॉथम पाच महिने ओलीस आहे, पण एकही साधं घर आतून दिसत नाही. पुलावरून धान्याचे ट्रक येतात. ते धान्य कोणाच्या चुलीवर शिजतं, रांगेत कोण कोणाला ढकलतं, काहीच नाही. 'शहर तुमचं' असं बेन सांगतो आणि शहर गायब! त्यात अडीच तास धाक दाखवलेला हाच बेन एका गोळ्यात संपतो आणि खरी सूत्रधार ब्रूसची विश्वासू मिरांडा, म्हणजे पहिल्या सिनेमातल्या खलनायकाची मुलगी तालिया, हे अगदी शेवटी कळतं. मग तिचा राग आपल्याला लागणार कधी?

तुटलेली पाठ बुक्की मारून बसते का हो? — वाचक, वरूड

नाही, बाप्पा. बेननं ब्रूसची पाठ मोडणं १९९३ च्या कॉमिक्समधून आलंय; तिथे ब्रूसला बरं व्हायला पुष्कळ काळ लागतो आणि तोवर बॅटमॅनचा वेश दुसऱ्याकडे जातो. सिनेमात मणका बुक्कीनं आत ढकलून त्याला दोरानं टांगतात. हे कोणावर करून पाहू नका. झाडावरून किंवा विहिरीत पडलेल्याची पाठ-मान दुखत असेल, पायात मुंग्या असतील, तर बसवू नका, चोळू नका. १०८ ला फोन करा, डोकं-मान-कंबर एका रेषेत ठेवून जागेवरच राहू द्या. जागा धोक्याची असेल तरच हलवा. चौघांनी मिळून एकाच वेळी, सपाट फळीवर. बाजेवर मुळीच नाही, तिची सुतळी झोल देते आणि मणका वाकतो.

मग ह्या सिनेमात चांगलं काय हाय ते तरी सांगा. — वाचक, उमरेड

ती विहीर, म्हणजे बेननं ब्रूसला डांबलेला खोल तुरुंग. बाहेर पडायला ब्रूस दोर बांधून दोनदा उडी मारतो, दोन्ही वेळा पडतो, दोराचा हिसका बसून भिंतीवर आदळतो. तिसऱ्यांदा दोर सोडतो. म्हातारा कैदी कारण देतो: मरणाचं भय नसेल तर उडीत जोर येत नाही. पण खरी गंमत पहिल्या सिनेमाशी (२००५) जोडून पाहा. तिथे लहानगा ब्रूस विहिरीत पडतो आणि बाप दोरावर उतरून त्याला वर काढतो. इथे तोच दोर आड येतो. उडीच्या आधी भिंतीतून वटवाघळं फडफडत निघतात, तीही त्याच पहिल्या विहिरीतली. तीन सिनेमांची दोन टोकं एका दोरानं बांधलीत आणि हे कोणी तोंडानं सांगत नाही. वर आल्यावर मागे दिसतो तो जोधपूरचा मेहरानगड. तिथलं चित्रीकरण मे २०११ चं.

शेवटी तो जिवंत हाय का आल्फ्रेडले भास होते? — वाचक, दारव्हा

जिवंत आहे, ब्रूसचा म्हातारा नोकर आल्फ्रेड याला भास होत नाही. ब्रूसच्या कंपनीचा कारभार बघणाऱ्या फॉक्सला कळतं की ज्या विमानातून बॉम्ब समुद्रावर नेला, त्याचा ऑटोपायलट ब्रूसनं आधीच दुरुस्त केला होता. वाड्याच्या सामानाच्या यादीत ब्रूसच्या आईची मोत्यांची माळ सापडत नाही. आणि फ्लॉरेन्सच्या कॅफेत ब्रूससमोर बसलेल्या सेलिनाच्या (सुरुवातीला ती माळ चोरणारी हीच) गळ्यात काय आहे, तेवढं चित्र थांबवून बघा.